माईंनी न विचारलेला प्रश्न

गुहागर तालुक्यात समुद्राकडे उतरत जाणाऱ्या एका वाडीत माईंचं घर आहे. घरामागे पोफळीची बाग आणि पोफळींच्या सावलीत जायफळाची झाडं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण सुगंधा' आणि 'कोकण स्वाद' या जाती दिल्या, त्यांची कलमं माईंच्या थोरल्या मुलाने हौसेने लावली आणि तेव्हापासून त्या घरात जायफळाला तोटा नाही. फळ पिकलं की झाडावरच उकलतं. आत लालभडक जायपत्रीच्या जाळीत गुंडाळलेली चकचकीत काळपट बी दिसते. वरच्या सालीचं लोणचं होतं, जायपत्री सुकवून मसाल्यात जाते आणि बी उन्हात खणखणीत वाळवून, टरफल फोडून आतलं जायफळ काढतात.

माईंची ख्याती मात्र घुटीसाठी होती. वाडीत कुणाकडे बाळ झालं की सहाण घेऊन माईंना बोलावणं येई. वेखंड, हिरडा, मुरडशेंग, हळकुंड, सुंठ, जायफळ, प्रत्येकाचे वळसे ठरलेले. हळकुंडाला त्यांचा हात सैल सुटे, जायफळाला आखडे. एक वळसा, फार तर दीड. सुना विचारत, "माई, आणखी एक घेतला तर काय होईल?" माई म्हणत, "होईल ते पाहायचं नाही म्हणूनच घ्यायचा नाही." एका वळशात सहाणेवर उतरतं ते चिमटीत धरता येणार नाही इतकं थोडं असतं. जास्त द्यायचं मनात आलं तरी उगाळता उगाळता हात दुखून येतो. ते माप कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं, दगडातच होतं.

गावच्या आशाताईंना घुटी पसंत नव्हती. पहिले सहा महिने बाळाच्या तोंडात आईच्या दुधाखेरीज काही जाता कामा नये, पाणीसुद्धा नाही, असं त्या घरोघर सांगत. माईंना ते लागलं होतं. इतक्या पोरांना आपण हाताखालून काढलं आणि काल आलेली पोरगी आपल्याला शिकवते, असं त्यांनी बोलूनही दाखवलं होतं. पुढे जे झालं, त्यात या जुन्या ताणाचा वाटा होता म्हणून इथे सांगितलं.

त्या वर्षी शिमग्याला घर भरलं होतं. मुंबईकर आले होते, पालखी दोन दिवसांत दारी यायची होती आणि पुरणाचा घाट पंचवीस माणसांचा होता. एवढ्या पुरणाला सहाणेवर जायफळ उगाळत कोण बसणार? थोरल्या सुनेने आठ-दहा जायफळं फोडली, मिक्सरला लावली आणि निघालेली पूड कॉफीच्या रिकाम्या बाटलीत भरून ओट्याच्या कडेला ठेवली. घरभर वास सुटला. बाटलीवर चिठ्ठी नव्हती. घरचंच जायफळ, त्याला चिठ्ठी कसली?

धाकट्या मुलाची चिमी चार वर्षांची. तिला खोकला झाला होता. दोन रात्री ढोलताशांनी तिची झोप मोडली होती आणि ती संध्याकाळपासून किरकिरत होती. तिची आई चुलीपाशी अडकलेली. आठच्या सुमारास काकूने, म्हणजे थोरल्या सुनेने, तिला मांडीवर घेतलं आणि मधात चमचाभर पूड कालवून चाटवली. चमचा शिगोशीग होता. हात मोजून चालायला ते सहाणेवरचं जायफळ नव्हतं, बाटलीतलं होतं. पुरणात घालतो, श्रीखंडात घालतो, त्याने काय व्हायचं आहे, असा सरळ विचार. कुणाला सांगण्यासारखं त्यात काही होतं असंही तिला वाटलं नाही.

दहा वाजले तरी चिमी टक्क जागी. तेव्हा डोंबिवलीहून आलेल्या आत्याला दया आली. लहानपणी माईंनीच तिला सांगितलं होतं की जायफळाने झोप लागते. तिने दूध कोमट केलं, साखर घातली, त्याच बाटलीतली चमचाभर पूड ढवळली आणि भाचीला गोष्ट सांगत सांगत पेला पाजला. अकराला चिमी झोपली. आत्याने पांघरूण सारखं केलं आणि समाधानाने दिवा मालवला.

जायफळ फसवतं ते इथेच. मिरचीचा ठसका तत्काळ लागतो, मीठ जास्त झालं तर जीभ लगेच सांगते. जायफळ काही बोलत नाही. त्यातल्या तेलात मिरिस्टिसिन, एलेमिसिन अशी द्रव्यं असतात आणि त्यांचा परिणाम दिसायला बहुधा तीन ते सहा तास लागतात. पहिल्या चमच्याने काही झालं नाही असं वाटून माणूस दुसरा देतो आणि तोवर पहिला आपल्या वाटेने निघालेला असतो.

दोनच्या सुमारास चिमी किंचाळून उठली. चेहरा लालबुंद, ओठ कोरडे, जीभ टाळूला चिकटलेली. हवेतून काहीतरी वेचल्यासारखे हात चालले होते. आईने जवळ घेतलं तर तिने आईला ओळखलं नाही. छातीवर हात ठेवला तर ठोके मोजता येईनात. मध्येच ती डोळे मिटून लुळी पडे आणि पुन्हा दचकून उठे.

पालखीचे दिवस, पोर सांजवेळी अंगणात खेळलेली. आधी दृष्टीचाच संशय आला. मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्या. कपाळाला अंगारा लागला. शेजारच्या बापूंनी कांदा फोडून नाकाशी धरला. यातल्या कुणाच्या मनात पोरीविषयी माया कमी नव्हती, पण या सगळ्यात तासाहून जास्त वेळ गेला. आत्या मागे उभी होती. ती हळूच म्हणाली, "पित्त झालं असेल. मीठपाणी पाजून उलटी काढू या का?" तिच्या मनात दुधाचा पेला घोळत होता, पण तोंडी आलं ते पित्त.

मीठपाण्याचा पेला तयारही झाला. तेवढ्यात कुणीतरी बोलावलं म्हणून आशाताई आल्या आणि त्यांनी तो पेला बाजूला सारला. गुंगीतल्या मुलाला उलटी करायला लावली तर पोटातलं वर येऊन फुप्फुसात उतरतं, आणि मग मूळ दुखण्यापेक्षा तेच जिवावर बेततं. शिवाय लहान मुलाच्या पोटात पेलाभर मीठपाणी गेलं तर रक्तातलं मीठ वाढून झटके येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. त्यांनी चिमीला डाव्या कुशीवर वळवलं, हनुवटी जराशी वर केली, तोंडात काही घालू नका म्हणून बजावलं आणि 108 ला फोन लावला. महाराष्ट्रात ही सेवा 2014 पासून आहे आणि तिच्या गाडीत डॉक्टर असतो. सणाची रात्र असूनही गाडी आली. आई, बाबा, आत्या आणि आशाताई चिमीबरोबर गेले. माई घरी राहिल्या, कारण उरलेली चार पोरं झोपेतून उठून रडत होती.

रुग्णालयात रात्रपाळीला बालरोगाची तरुण डॉक्टर होती. आदल्या सकाळपासून तिची पाठ टेकलेली नव्हती. तिने नाडी पाहिली, बाहुल्या पाहिल्या, मान वाकवून पाहिली, साखर तपासली. लाल चेहरा, कोरडं तोंड, भ्रम आणि धावतं हृदय पाहून तिच्या मनात पहिल्यांदा आला तो धोतरा. कोकणात कुंपणाकडेला तो माजलेला असतो आणि मुलं त्याची बोंडं फोडतात. पण धोतऱ्यात बाहुल्या मोठ्या होऊन थिजतात, आणि या मुलीच्या बाहुल्या उजेडाला आकसत होत्या. तिने विचारलं, "काय खाल्लं होतं?"

"पुरणपोळी, भात."

"औषध? बिया? झाडपाला?"

"काही नाही," आई म्हणाली, आणि ती खरंच बोलत होती.

डॉक्टरला ते पटेना. मुलगी तिच्या हाताखाली तडफडत होती आणि तिचा आवाज चढला. "कोणी दिलंय ते आत्ताच्या आत्ता सांगा. नाहीतर पोलिसांत नोंद करावी लागेल. मग तिथेच सांगा."

त्यानंतर कुणीच काही बोललं नाही. आत्याने पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. तिच्या मनात काय काय आलं असेल! माईंच्या घरात जायफळाने पोर आजारी पडली, ही बातमी दुपारपर्यंत सगळ्या वाडीत होईल. आशाताई बाहेर बाकावर बसल्या आहेत, त्या काय म्हणतील? वहिनी आयुष्यभर तोंड पाहणार नाही. आणि एका चमच्याने असं थोडंच होतं? दुसरा चमचाही गेला आहे हे तिला कुठे ठाऊक होतं. ती गप्प राहिली.

मग डॉक्टरने हाती होतं त्यावरून विचार केला, आणि तो विचार बरोबरच होता. अंगात कसर, भ्रम, गुंगी, म्हणजे मेंदूज्वर नाकारता येत नाही. तिने प्रतिजैविकाचं पहिलं इंजेक्शन दिलं, पाठीच्या कण्यातून पाणी काढून तपासायची तयारी करायला सांगितलं आणि रत्नागिरीला हलवण्यासाठी गाडीची विचारणा केली. चार वर्षांच्या मुलीच्या पाठीत सुई घालायची आणि मग तिला वळणावळणाच्या रस्त्याने काही तास न्यायचं, हे सगळं एका न बोललेल्या वाक्यासाठी!

इकडे उजाडायच्या आत माई उठल्या. झोप लागलीच नव्हती. हाताला काम हवं म्हणून त्या मोरीवर रात्रीची भांडी घासायला बसल्या. त्यात एक वाटी हाती आली, कडेला मध सुकलेला. नाकाशी नेली तर जायफळ. पुढे पेला आला, दुधाची साय चिकटलेला आणि तळाशी तपकिरी गाळ. माईंनी त्यात बोट घातलं तर ते गाळात रुतलं. त्यांच्या सहाणेवर महिनाभर उगाळून एवढं निघालं नसतं. त्या तशाच उठल्या, ओट्यावरची कॉफीची बाटली उघडून पाहिली, आणि त्यांना सगळं कळलं.

दुसरं कुणी असतं तर तिथूनच हाक गेली असती, "कोणी केलं हे?" घरात असे प्रसंग आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. दूध उतू गेलं तरी पहिला प्रश्न तोच असतो. मग जो तो आपण कुठे होतो ते सांगू लागतो, रडारड होते, जुनी उणीदुणी निघतात, आणि दूध उतू जातच असतं.

माईंनी थोरल्या सुनेला परसात बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "गो, चिमीला जायफळ कोणी दिलं ते मी विचारत नाही. पुढेही विचारणार नाही. मला एवढंच सांग, चमचा केवढा होता आणि पालखी तेव्हा कुठे होती?"

सुनेचे डोळे भरले. पण प्रश्नाला उत्तर देता येण्यासारखं होतं, म्हणून ते आलं. "गुरवांच्या दारात होती. आठ वाजले असतील. चहाचा चमचा, शीग लावून. मधातून."

"आणि दूध?"

"दुधाचं मला ठाऊक नाही, माई."

माईंनी लेकीला फोन लावला. पलीकडे नुसता हुंदका आला. "माई, मी..."

"तू की आणखी कोण, ते राहू दे. किती, आणि केव्हा?"

"चमचाभर. दहाच्या बातम्या लागल्या होत्या."

"सगळा पेला प्यायली?"

"तळाशी थोडं राहिलं."

"फोन डॉक्टरीणबाईंकडे दे."

आणि त्या बाईंनी, ज्यांना वैद्यकाचा एक शब्द येत नव्हता, एखाद्या तयार परिचारिकेने सांगावं तसं सांगितलं. "बाई, मुलीच्या पोटात जायफळाची पूड गेली आहे. दोन वेळा. रात्री आठला मधातून, चहाचा चमचा शिगोशीग. दहाला दुधातून, साधारण तेवढीच. त्यातली थोडी पेल्यात उरली आहे. दुसरं काही गेलेलं नाही, मी भांडी पाहिली. बाटली, चमचा, वाटी आणि पेला न धुता पाठवते आहे."

"कोणी दिलं?" डॉक्टरने सवयीने विचारलं.

"घराने दिलं," माई म्हणाल्या.

डॉक्टरने कागद ओढून हिशेब मांडला. पुडीचा सपाट चमचा दोन ग्रॅमच्या आसपास भरतो, शीग लावली तर तीनपर्यंत जातो. दोन वेळचे मिळून पाच ग्रॅम धरले तर ते जवळजवळ एक अख्खं जायफळ होतं. मोठ्या माणसालाही पाच ग्रॅमपासून बाधा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि ही मुलगी पंधरा किलोची होती. तिने दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्राला फोन लावून आपली समजूत पडताळून घेतली. जायफळावर उतारा असा नाही. ते शरीरातून आपोआप उतरेपर्यंत मुलीचा श्वास, हृदय आणि मेंदू सांभाळणं हाच उपचार. विष शोषून घेणारा औषधी कोळसा सुरुवातीच्या तासाभरात, मूल शुद्धीवर असताना, डॉक्टरांच्या हातून दिला तर उपयोगी पडतो. आता आठ तास उलटले होते आणि मुलगी गुंगीत होती, म्हणून तो विचार तिने सोडला.

पाठीतली सुई थांबली. रत्नागिरीची गाडी दारात तयार ठेवली, पण निघाली नाही. शिरेतून सलाईन सुरू झालं, छातीला हृदयाचा आलेख काढणाऱ्या तारा लागल्या, खोलीतला मोठा दिवा मालवला आणि फक्त आईला जवळ बसू दिलं, कारण भ्रमात पडलेल्या मुलाला गोंगाटाने जास्त भीती वाटते. सकाळी नऊला ती फार तडफडू लागली तेव्हा शांत करणारं औषध एकदाच अगदी थोडं द्यावं लागलं. बाकी वाट पाहायची होती. पण कशाची वाट पाहायची ते आता माहीत होतं, आणि त्याने फार फरक पडतो.

जायफळाची ही दुसरी बाजू वैद्यकाला नवी नाही. 1829 मध्ये पुर्किन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञाने स्वतः तीन जायफळं खाऊन आपल्याला होणाऱ्या भ्रमांची नोंद केली होती. आणि 1908 मध्ये छापलेल्या एका वैद्यकीय नोंदीत आठ वर्षांचा मुलगा आहे. त्याने दोन जायफळं खाल्ली, तो बेशुद्ध झाला आणि दिवसभरात गेला. असे मृत्यू क्वचित होतात, बहुतेक माणसं दीड-दोन दिवसांत बरी होतात. पण शंभराहून जास्त वर्षांपूर्वीचा तो मुलगा आठवला की 'घरचंच तर आहे' हे वाक्य माझ्या घशात अडकतं.

चिमीने त्या संध्याकाळी पाणी मागितलं. रात्री तिने चादर ओली केली, तेव्हा परिचारिकेने आनंदाने डॉक्टरला हाक मारली. बराच वेळ लघवी तुंबून राहिली होती. दुसऱ्या दिवशी तिने आईला विचारलं, पालखी गेली का? तिसऱ्या दिवशी घरी सोडलं.

घरी सोडायच्या वेळी माई रुग्णालयात आल्या. डॉक्टर त्यांना म्हणाली, "मी पोलिसांचं नाव काढलं नसतं, तर त्या रात्रीच कळलं असतं. नोंद करणं माझं कामच आहे, ती मी केलीही. पण ती धमकी म्हणून सांगायची गोष्ट नव्हती."

माई म्हणाल्या, "तुम्हाला पोरीची काळजी होती. आम्हाला आमच्या नावाची पडली होती. चूक झाली ती आमच्या बाजूने जास्त." आणि मग त्यांनी बाकावरच्या आशाताईंना जवळ बोलावलं. त्या दोघींत काय बोलणं झालं ते कुणाला ठाऊक नाही. पण पुढच्या आठवड्यात अंगणवाडीत बायका जमल्या तेव्हा बोलायला माईच उभ्या राहिल्या.

त्यांनी काही लपवलं नाही. आमच्या घरी असं असं झालं, म्हणाल्या. सहा महिन्यांच्या आतलं बाळ माझ्याकडे घुटीला आणू नका, मी देणार नाही. मोठ्या मुलाला काही द्यायचं मनात आलं तर आधी डॉक्टरांना विचारा आणि घरात सगळ्यांना ओरडून सांगा, म्हणजे दुसरीचा हात वर जाणार नाही. जायफळाची पूड करून ठेवू नका. लागेल तेव्हा लागेल तेवढं किसा.

मग बायकांनी एकेक विचारायला सुरुवात केली, आणि आशाताईंच्या सांगण्यावरून आलेल्या त्याच डॉक्टरने उत्तरं दिली. तिच्या बोलण्यात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला तो कापूर. तो आपण देव्हाऱ्यात ठेवतो, सर्दीला हुंगतो, काही घरांत चिमूटभर तीर्थातही घालतो, आणि त्याच्या पांढऱ्या वड्या मुलांना खडीसाखरेसारख्या दिसतात. लहान मुलाच्या पोटात एक ग्रॅमच्या आसपास कापूर गेला तरी जीव गेल्याच्या नोंदी आहेत. आणि तो जायफळासारखा थांबत नाही, काही मिनिटांतच झटके आणतो. जायफळाने घरच्यांना विचार करायला रात्र तरी दिली, कापूर तेवढी देत नाही. झटके येत असताना तोंडात चमचा किंवा बोट घालू नये, कांदा-चप्पल हुंगवू नये, हातपाय दाबून धरू नयेत. कुशीवर वळवावं आणि जवळची टोकदार वस्तू दूर करावी.

लवंगेचं तेल दातदुखीला कापसाच्या बोळ्याने थेंबभर लावतात, पण मुलाने बाटली तोंडाला लावली तर एक-दोन चमच्यांतही बेशुद्धी येते आणि यकृत सुजतं. पोटदुखीला तान्ह्या बाळाला हिंग पाजण्याची रीत आहे. पाच आठवड्यांच्या एका बाळाला हिंग दिल्यावर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकदच घटली, अशी नोंद आहे. बेंबीभोवती हिंगाचं पाणी लावणं वेगळं आणि पोटात देणं वेगळं. चक्रीफुलाचं पाणी बाळाला देऊ नये, कारण बाजारातल्या चक्रीफुलात कधी कधी त्याच्यासारखंच दिसणारं जपानी जातीचं विषारी फूल मिसळलेलं निघतं आणि नुसत्या डोळ्यांना ते ओळखू येत नाही. तिखट डोळ्यांत गेलं तर तूप-दूध शोधत बसू नये, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं डोळा धुवावा.

एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, "मग काय मसाल्याचा डबाच फेकून द्यायचा?" डॉक्टर हसली नाही. ती म्हणाली, "पुरणात एक जायफळ किसता, ते पंचवीस माणसांत वाटलं जातं. तिथे ते मसाला असतं. तेच एका पोराला दिलं की औषध होतं, आणि औषधाला माप लागतं." मला वाटतं, सगळ्या सभेत एवढं ऐकलं असतं तरी पुरे होतं.

माईंच्या घरात पुढे वर्षभर लोक विचारत राहिले, नक्की दिलं कोणी? पाहुणे विचारत, शेजारी विचारत, एकदा धाकट्या सुनेच्या माहेरच्यांनीही विचारलं. ते उत्तर माईंकडून कुणाला मिळालं नाही. दिवाळीत थोरल्या सुनेने आणि आत्याने एकमेकींसमोर आपापला चमचा कबूल केला आणि धाकटीच्या गळ्यात पडून रडल्या. कुणी विचारलं नव्हतं म्हणूनच त्यांना ते सांगता आलं, असं मला वाटतं.

वाचणाऱ्याला माझं मागणं एवढंच आहे. तुमच्या घरात मुलाने काही खाल्लं किंवा त्याला काही दिलं गेलं आणि त्याचं लक्षण फिरलं, तर कोण हा प्रश्न त्या दिवशी उच्चारू नका. काय, किती आणि केव्हा, एवढं विचारा आणि उत्तर देणाऱ्याला घाबरवू नका. उलटी काढू नका, मीठपाणी, तूप, लिंबू काही पाजू नका, गुंगीतल्या मुलाला डाव्या कुशीवर ठेवा. बाटली, चमचा, उरलेला गाळ न धुता बरोबर न्या. पहिला फोन 108 ला करा. एम्समधलं राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्र घरच्या लोकांचेही फोन दिवसरात्र घेतं आणि त्याला पैसे पडत नाहीत. त्याचा क्रमांक 1800 116 117 आहे, तो आजच मसाल्याच्या फळीशेजारी लिहून ठेवा.